अंगण झाकायचे दिवस

एप्रिल लागला की रावेरमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. पारा चाळिशी ओलांडून वर सरकतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीबाळींसाठी घरं झाडूनपुसून, रंग देऊन सजवली जातात. त्या सजावटीत अंगणही येतं. रोपवाटिकेतून चार गुलाब, दोन जास्वंदी येतात, कुणी हिरवळीचे तयार तुकडे आणून अंथरतं, कुणी मातीची कटकट नको म्हणून सरळ पेव्हर ब्लॉक बसवून घेतं. मे अर्धा सरतो तोवर नव्या रोपांतली बरीच करपलेली असतात, हिरवळ पिवळी पडते, ब्लॉकवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि सगळा दोष उन्हाच्या माथी मारला जातो. खानदेशातलं ऊन कडक आहेच. उन्हाळ्यात कित्येक दुपारी तापमान ४४-४५ अंशांवर जातं. पण हे ऊन काही अचानक येत नाही. ज्या ऋतूत झाड जेमतेम जीव धरून असतं त्या ऋतूत त्याला नवी मुळं फोडायला लावायचं, हीच मुळात चूक आहे. माझं म्हणणं असं, की रावेरच्या उन्हाळ्यात अंगण ताजंतवानं करायचं असेल तर नवं काही न लावता आहे ते झाकावं. आधी वारा अडवावा, मग माती झाकावी, मग पाण्याचा विचार करावा, आणि लावणी मृगावर सोडून द्यावी.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. गावाबाहेर पडलं की तो शेतात उभाच आहे. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण केळ हे झाड मुळात दमट हवेचं; मोठी, पातळ, वाऱ्यावर फाटणारी पानं, वरवर पसरलेली मुळं आणि पाण्याची प्रचंड भूक. इतक्या कोरड्या, तापट मुलखात ते टिकतं ते शेतकऱ्याने रचलेल्या आडोशामुळे. बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग लावतात, काही जण हिरवी जाळी नाहीतर जुन्या साड्या बांधतात. ठिबकच्या नळ्यांनी पाणी थेट मुळाशी देतात. निसवलेल्या बागेत घडावर वाळकी पानं किंवा पिशवी चढवतात, कारण उघड्या घडाची साल भाजते. केळीच्या हवामान आधारित फळपीक विम्यात, ठरावीक मर्यादेच्या वर तापमान सलग काही दिवस राहिलं तर भरपाईची तरतूद आहे. उष्णता हे इथे नोंदवलेलं, मोजलेलं नुकसान आहे. ज्या शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न त्या बागेवर उभं आहे, तो उन्हाळ्यात आधी आडोसा करतो. त्याच घराच्या अंगणात मात्र आडोसा सोडून बाकी सगळं केलं जातं, हे पाहून वाईट वाटतं.

वाऱ्याला मी पहिला मान देतो, याचं कारण आहे. सावली सगळ्यांना सुचते, वारा कुणाच्या लक्षात येत नाही. पानांतून सतत वाफ बाहेर पडत असते आणि पानालगत दमट हवेचा एक पातळ थर तयार होतो. तो थर टिकला तर पाणी सावकाश जातं. दुपारच्या कोरड्या झळा तो थर क्षणोक्षणी पुसून नेतात. मुळं जेवढं पाणी वर चढवू शकतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून निघून जातं, आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत वाळतात. अशा झाडाच्या बुडाशी बादलीभर पाणी असलं तरी पान करपतंच, कारण ते पाणी वर पोचायला वेळ लागतो. म्हणून पश्चिमेच्या बाजूला आडोसा हवा, आणि तो अर्धवट आरपार हवा. भरीव भिंतीवरून वारा उसळी मारतो आणि पलीकडे भोवरे करून पुन्हा झाडांवर आदळतो. जाळी, तट्ट्या, तुराट्यांचं नाहीतर कपाशीच्या पऱ्हाटीचं कूड असं काही असलं तर वारा गाळून मंद होतो, आणि आडोशाच्या उंचीच्या पाच ते दहा पट अंतरापर्यंत त्याचा फायदा मिळतो. सहा फुटांची साधी तट्टी म्हणजे गावातल्या बहुतेक अंगणांचा निम्मा प्रश्न सुटला. हिरवी जाळी वर ताणायची असेल तर फुलझाडांना आणि भाज्यांना निम्मं ऊन अडवणारी पुरते. पंचाहत्तर टक्क्यांची जाळी मोगऱ्यावर ताणली तर झाड हिरवं राहतं, पण कळ्या धरत नाही. आणि जाळी झाडांना टेकवून कधीच घालू नये. दोन-तीन फूट वर राहिली तरच खालून हवा खेळते, नाहीतर तापलेली जाळीच पानं भाजते.

आता माती. रावेर-यावलची काळी कसदार जमीन सुकली की आकसते आणि भेगाळते. या भेगा नुसत्या दिसायला वाईट नसतात. त्यांतून खोलवरची ओल थेट हवेत उडते आणि बारीक मुळं ताणून तुटतात. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी मानतो ते याचसाठी: वरची दोन बोटं माती मोकळी केली की भेगा बुजतात आणि ओल खाली कोंडली जाते. अंगणात खुरपीने हे काम दहा मिनिटांचं आहे. त्यावर आच्छादन घातलं की काम पुरं होतं, आणि आच्छादनाचा माल रावेरमध्ये फुकट आहे. केळी कापणीनंतर बांधावर, रस्त्याच्या कडेला खोडं आणि वाळक्या पानांचे ढीग पडलेले असतात. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आणि भरपूर पालाश असतं. खोडाचे हातभर तुकडे करून, उभे चिरून, पालथे घालून आळ्यात अंथरले तर ते आठवडाभर स्वतःच झाडाच्या बुडाशी ओल सोडत राहतात आणि मग कुजून खत होतात. त्यावर वाळक्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. असा वाफा मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता उचकून पाहावा. थराखाली बोट सहज रुततं, माती गार लागते, कुठे एखादं गांडूळ वळवळतं. वीतभर अंतरावरच्या उघड्या मातीत बोट टेकवत नाही आणि भेगेत काडी सरळ खाली जाते. एकाच अंगणात, एकाच पाण्यावर एवढा फरक पडत असेल तर आणखी प्रयोगशाळेची गरज राहत नाही. दुःख याचं, की कडुनिंबाचा पाला रोज सकाळी झाडून, गोळा करून अंगणाच्या कोपऱ्यात पेटवून दिला जातो. जे झाडाने उन्हाळ्यासाठी आपल्या पायाशी पसरलं तेच आपण जाळतो, आणि संध्याकाळी पाइप धरून उभे राहतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो शेती जाणणारा माणूसच घेईल. शेतकरी तर उन्हाळ्यात जमीन नांगरून उघडी टाकतो, तापू देतो. मग अंगणातली माती झाकायची कशाला? आक्षेप रास्त आहे. उन्हाळी नांगरटीने किडींचे कोष, तणांची मुळं उघड्यावर येऊन भाजून मरतात. पण ती जमीन रिकामी असते. वाचवायचं असं तिच्यात काही उभं नसतं. अंगणातला लिंबू, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद यांची अन्न घेणारी मुळं वरच्या सहा-आठ इंचांत पसरलेली असतात. ती तापली तर झाडच जातं. तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, जागा मात्र वेगळ्या. जिथे झाड उभं आहे तिथे झाका. जो वाफा रिकामा आहे, भाजी काढून झालेली आहे, तो खुशाल उलथून तापू द्या. त्यात वांगी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी येत असतील, म्हणजे सूत्रकृमी झाले असतील, तर वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवावं. ही रीत इस्राएलमधले शास्त्रज्ञ याकोव काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडली, आणि तिला जेवढं कडक ऊन लागतं तेवढं खानदेशाकडे आहे. ज्याला आपण संकट म्हणतो त्याचा एवढा नेमका उपयोग दुसरा नसेल.

आच्छादनावर दुसरा आक्षेप वाळवीचा आणि विंचू-सापाचा. तो थट्टेवारी न्यायचा नाही, कारण खानदेशात दोन्ही खरोखर आहेत आणि अंगणात लहान मुलं रांगतात. पण धोका असतो तो ढिगात. पातळ पसरलेल्या, आठवड्याला हाताखालून जाणाऱ्या थरात विंचवाला घर करायला जागा मिळत नाही. भिंतीला लागून महिनाभर पडून राहिलेल्या पालापाचोळ्यात, विटांच्या रचलेल्या थप्पीत मिळते. म्हणून उंबरठ्यापासून आणि भिंतीपासून तीन फुटांचा पट्टा स्वच्छ, सारवलेला ठेवावा, आच्छादन झाडाच्या खोडाला टेकवू नये, चार बोटं जागा सोडावी, आणि हात घालण्याआधी काठीने थर हलवावा. वाळवीला पडून राहिलेलं, न हललेलं लाकूड आवडतं. चिरलेलं ओलं खोड आणि पाला यांत मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर तिचा जोर कमी राहतो. इतकं करूनही जिथे वाळवी घराच्या लाकडाला लागलेलीच आहे, तिथे त्या बाजूला आच्छादन घालू नये. तेवढ्यापुरती वाळू किंवा बारीक खडी चालेल.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळी उधळण तिथेच होते. दुपारी झाड मान टाकतं, घरातलं कुणीतरी कळवळून पाणी घालतं. पुष्कळ झाडं दुपारी पानं सैल सोडतात. तो बचाव असतो, आणि सूर्य कलला की ती पुन्हा ताठ होतात. संध्याकाळी सातनंतरही मान वर आली नाही, तरच ती तहान समजावी. काळी माती पाणी फार वेळ धरून ठेवते. तिच्यात रोज पाणी ओतलं की मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरून कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाडही नेमकं तहानलेल्यासारखंच दिसतं. मग आणखी पाणी. आच्छादन असलेल्या मोठ्या झाडाला चार-पाच दिवसांतून एकदा, पण आळं भरून, पहाटे दिलेलं पाणी रोजच्या शिंपडण्यापेक्षा बरं. पहाटे म्हणतो कारण तेव्हा माती सर्वांत थंड असते आणि वारा पडलेला असतो. खानदेशातल्या कित्येक गावांत नळ रोज येत नाही आणि येतो तो आपल्या सोयीने येत नाही, हेही खरं. पाणी संध्याकाळीच मिळत असेल तर ऊन पूर्ण उतरल्यावर द्यावं, त्याने काही बिघडत नाही. नव्या, लहान रोपांसाठी मडकं पुरावं. कच्च्या भाजणीचं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत गाडून भरून ठेवलं की ते हवं तेवढंच पाणी मातीत पाझरवतं. चीनमध्ये ही रीत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या शेतीच्या पुस्तकात नोंदलेली आहे. मडक्यावर झाकण मात्र हवं, नाहीतर डासांची पैदास घरातच होते.

घरात वापरून उरलेलं पाणी बागेला द्या, असं सरसकट सांगितलं जातं. सरसकट सांगणं धोक्याचं आहे. उदाहरणार्थ, कूलरच्या टाकीचं तळाशी उरलेलं पाणी. कूलर दिवसभर पाण्याची वाफ करतो, क्षार मागे राहतात. बोअरचं जड पाणी असेल तर आठ दिवसांनी टाकीत उरतं ते बऱ्यापैकी खारट असतं. ते कुंडीत ओतलं की मातीवर पांढरी साय धरते आणि पानांची टोकं जळतात. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणीही याच जातीचं. ही दोन्ही पाणी फरशी धुवायला, अंगणात धूळ बसवायला वापरावीत. उलट एसीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. कुंड्यांसाठी ते उत्तम. कपडे धुण्याच्या साबणपावडरीत सोडियम असतं आणि काळ्या मातीला ते फार वाईट, माती चोपण होते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून पहिलं फेसाळ पाणी गटारात आणि नंतरचं खळबळलेलं पाणी झाडांना. न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ लावायची जुन्या घरांतली पद्धत होती. ती झाडं भरपूर पाणी पितात, साबणाचा थोडाफार अंश सोसतात. नव्या घरांत मोरीचं पाणी बंद नळीतून थेट बाहेर जातं आणि अंगणातल्या सगळ्यांत हिरव्या कोपऱ्याची जागाच नाहीशी होते.

हिरवळीच्या बाजूने बोलणारे सांगतात की गवत अंगण थंड ठेवतं. ठेवतं, हे मान्य. पेव्हर ब्लॉकची फरशी भर दुपारी साठ अंशांच्या आसपास तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती धग घरात सोडत राहते. त्यापुढे हिरवळ कितीतरी गार. पण तो गारवा पाण्याची वाफ करून मिळवलेला असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मेमधल्या हवेत हिरवळ टिकवायला रोज सात मिलिमीटर धरले तरी तीनशे चौरस फुटांना रोज सुमारे दोनशे लिटर, महिन्याला सहा हजार लिटर पाणी लागतं. हे पाणी येतं बोअरमधून, आणि रावेर-यावलचा भूजलसाठा अतिशोषित गणला गेलेला आहे. जितकं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. कडुनिंबही वाफच करतो, पण तो खोलवरची ओल वापरतो, वर सावली धरतो आणि त्याला उन्हाळ्यात पाइप लागत नाही. त्याची पानगळ चैत्राआधीच उरकलेली असते, म्हणून नेमक्या मे महिन्यात त्याची पालवी दाट असते. आखाजीचे झोके निंबाला बांधले जातात ते काही उगाच नाही. खानदेशातला उन्हाळ्याचा सण लोकांनी सावलीखालीच मांडला. ज्यांना बसायला मऊ जागा हवी त्यांनी झाडाखालचा तुकडा सारवून घ्यावा. सडा घातलेली सारवलेली जमीन संध्याकाळी बसण्याजोगी गार होते आणि तिला दोन बादल्या पुरतात.

मग पाहुणे यायच्या वेळी अंगण रुक्षच दिसू द्यायचं का, असं घरातली बाई विचारेल, आणि तिचं विचारणं योग्य आहे. वर्षातून एकदा लेक येते तेव्हा अंगणात फुलं असावीत. पण ती असतातच. मोगऱ्याचा बहर याच दिवसांतला. माघात छाटणी केलेला मोगरा एप्रिल-मेमध्ये रोज ओंजळभर कळ्या देतो. बोगनवेलीला पाणी कमी पडलं की ती जास्त फुलते. सदाफुली, कण्हेर उन्हाला भीत नाहीत. कण्हेर मात्र विषारी, तेव्हा लहान मुलं असतील तिथे ती कुंपणापाशीच बरी. चिनी गुलाब तर मांसल पानांत पाणी साठवून भर उन्हात उमलतो, आणि त्याची काडी खोचली तरी जगते. नवीन लावू नये या माझ्या सांगण्याला एवढा एक अपवाद करायला हरकत नाही. कुंड्या भिंतीकडेला एकेकट्या न ठेवता पूर्वेच्या बाजूला एकमेकींना खेटून ठेवाव्यात, कडेला मोठ्या आणि मध्ये लहान. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं शिजतात, ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या फटीत ओली वाळू भरावी. फुलं, स्वच्छ कडा, सारवलेली जागा आणि झाडांच्या बुडाशी नीट कापून बसवलेला पाला, एवढ्यानेही अंगण नीटनेटकं दिसतं. छाटणी, कुंडी बदलणं, युरिया हे सगळं आता नको. कोवळी फूट आली की तीच आधी जळते.

आणि हात शिवशिवतच असतील तर खणावं. मे महिना खड्ड्यांचा. कडुनिंब, शेवगा, लिंबू जे काही लावायचं असेल त्यासाठी पश्चिमेच्या बाजूला दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा काढून वरची माती वेगळी ठेवावी आणि खड्डा तापू द्यावा. निंब घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस फूट तरी लांब हवा. मृगाच्या सुरुवातीला, साधारण ७ जूनच्या आसपास, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळून तो भरावा, पण रोप लावावं ते दोन चांगले पाऊस पडून माती आतपर्यंत भिजल्यावरच. दुसरा खड्डा छपराच्या पाण्याचा. रावेर तालुक्यात वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो असं धरलं, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साठ हजार लिटरहून अधिक पाणी उतरतं. वर ज्या हिरवळीचा हिशोब केला तिच्या दहा महिन्यांचं ते पाणी, आणि बहुतेक घरांत ते रस्त्यावर जातं. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा जो पट्टा आहे, त्यातून डोंगराचं पाणी जमिनीत शिरतं. शेजारच्या बऱ्हाणपुरात १६१५ मध्ये मोगल काळात खोदलेल्या कुंडी भंडाऱ्याने हेच झिरपतं पाणी भुयारांतून शहरात आणलं, आणि तापी खोऱ्याच्या ज्या मेगा रिचार्ज योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे २०२५ मध्ये केला, तिचीही भिस्त याच पट्ट्यावर आहे. अंगणातला शोषखड्डा हे त्याच कामाचं घरगुती माप. फक्त काळ्या मातीत तो थांबवू नये. ती ओली होऊन फुगते आणि पाणी वरच तुंबतं. मुरूम किंवा वाळूचा थर लागेपर्यंत खाली जावं, तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू भरावी, आणि गच्चीच्या नळीला एक वळण असं ठेवावं की पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडून देता येईल. जमीन कोरडी आहे, खणलेली बाजू ढासळत नाही, मजूर शेतातल्या पेरणीत अडकलेले नाहीत. हे काम जूनमध्ये जमत नाही, ते आखाजी आणि मृग यांच्या मधल्या महिना-दीड महिन्यातच उरकावं लागतं.